सांभाळणाऱ्याच्या नावाचाही केसपेपर काढा

घरात कोणी दीर्घ आजारी असलं की पेशंटची फाइल महिन्यागणिक जाड होत जाते. डिस्चार्ज कार्डं, एमआरआयची मोठी पाकिटं, रक्ताचे रिपोर्ट. त्या पेशंटला उठवून बसवणारी, भरवणारी, रात्री दोनदा बाथरूमला नेणारी जी व्यक्ती असते, तिच्याबद्दल मात्र त्या फाइलमध्ये एक ओळही नसते. डॉक्टर विचारतात, "आजी जेवतात का नीट?" तुम्ही जेवता का, झोपता का, हे विचारण्याइतका वेळ ओपीडीत नसतो. हा लेख त्या दुसऱ्या व्यक्तीसाठी आहे. नुकतीच ही जबाबदारी अंगावर आली आहे, मन थकायला लागलं आहे, पण नाशिकमध्ये कुठं जायचं आणि जाऊन काय बोलायचं हे सांगणारं कोणी भेटलेलं नाही, अशांसाठी.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. पेशंटला दाखवायला गेल्यावर दारातून निघता निघता "मलाही हल्ली झोप लागत नाही हो डॉक्टर" असं म्हणून स्वतःचं दुखणं उरकू नका. तुमच्या नावाचा वेगळा केसपेपर, तुमची वेगळी वेळ, आणि त्या वेळात फक्त तुमचं बोलणं. पुढचं सगळं याच्याच तयारीसाठी आहे.

आधी हे ओळखा की हे काम आहे

सिडकोतली सून अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांचं सगळं करते. सातपूरला कंपनीत फिरत्या शिफ्टमध्ये असलेला मुलगा नाइट करून येतो आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सांभाळत दिवसभर जागा राहतो. नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेले काका पार्किन्सन्स झालेल्या बायकोला दर चार तासांनी गोळी देतात. निफाडकडे द्राक्षबाग असलेला भाऊ ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीतही स्किझोफ्रेनिया असलेल्या धाकट्याच्या गोळ्यांवर नजर ठेवतो. यातल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "त्यात काय विशेष, घरचंच माणूस आहे." प्रेमाने केलेलं कामही शरीराला आणि मनाला कामच असतं. या एका वाक्यापायी मदत मागायला लोक फार उशीर करतात, म्हणून ते जरा बाजूला ठेवा.

आता लक्षणं. पेशंट झोपला तरी तुम्हाला झोप येत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. छोट्या गोष्टीवरून मुलांवर ओरडता आणि मग न्हाणीघरात जाऊन रडता. देवपूजा, वाचन, शेजारणीशी गप्पा, जे जे आवडायचं त्यात मन लागत नाही. पाठ-मान सतत धरलेली. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या विसरता, पेशंटच्या मात्र मिनिटावर. यातलं बरंचसं दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज होत असेल, तर थांबू नका.

आणखी एक लक्षण आहे, जे कोणी बोलून दाखवत नाही. पहाटे तीनला चादर बदलताना मनात येऊन जातं, "सुटले तर बरं." त्याच्या पुढच्याच क्षणी स्वतःची शिसारी येते. हा विचार इतक्या जणांच्या मनात येतो की समुपदेशकाला त्याचं नवल वाटत नाही. तो आला म्हणून तुम्ही वाईट मुलगी किंवा नालायक सून ठरत नाही. माणूस थकलंय, एवढाच त्याचा अर्थ. पण तो विचार रोज येऊ लागला, किंवा "मीच गेले तर सुटेन" असा स्वतःकडे वळला, तर मात्र त्याच दिवशी फोन करा. तो कुठं, ते पुढच्याच परिच्छेदात.

पहिली पायरी घरबसल्या: १४४१६

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ हे नंबर, चोवीस तास, मोफत. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, मराठी निवडता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी केंद्राचा पत्ता देतात. फोन पेशंटच्याच आजाराबद्दल असायला हवा असं मुळीच नाही.

नवख्या माणसाची अडचण असते पहिल्या वाक्याची. ते मी लिहूनच देते: "मी घरी आजारी माणसाला सांभाळते, दीड वर्ष झालं, आता मला झेपत नाहीये. मला माझ्याबद्दल बोलायचंय." एवढं पुरतं, पुढचं विचारणं त्यांचं काम. फोन घरातल्या हॉलमधून करू नका. गच्चीवर जा, पार्किंगमध्ये जा, भाजी आणायला निघालात तर वाटेत गाडी बाजूला लावून बोला. पेशंटच्या कानावर पडेल या धास्तीने माणूस निम्मं गिळून टाकतो.

टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही मराठीतून बोलते, नंबर ९१५२९८७८२१. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ ही भावनिक आधारासोबत पेन्शन, कायदा, वृद्धाश्रम अशा माहितीसाठी उपयोगी पडते. काळजी घेणारे स्वतःच साठीपलीकडचे असतील तर हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कोणाकडे जायचं, हे गोंधळाचं प्रकरण

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. औषध हेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि मनोपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खरे तज्ज्ञ तो आनंदाने सांगतात. समुपदेशक हे साधारणपणे मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए, एमएसडब्ल्यू केलेले असतात. इथं पाट्यांचा सुळसुळाट आहे. चार दिवसांचा कोर्स करून "लाइफ कोच" झालेल्यांपासून लांब राहा. शिक्षण कोणतं, अनुभव किती, दीर्घ आजाराच्या कुटुंबांसोबत काम केलंय का, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. फी आणि वेळही तेव्हाच.

माझ्या मते बहुतेक काळजीवाहकांनी सुरुवात समुपदेशकाकडे करावी. मात्र भूक मेली आहे, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगण्यात राम वाटत नाही, अशी अवस्था असेल तर सरळ मनोविकारतज्ज्ञ. ते कदाचित आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील. करून घ्या, कारण नुसत्या थकव्यामागे पुष्कळदा हेही असतं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका.

आणि इथं एक गोष्ट कळकळीने सांगते. पेशंटच्या झोपेच्या गोळ्यांतली अर्धी गोळी स्वतः घेणं, हे घरोघरी चालतं. करू नका. त्यातल्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि रात्री पेशंट पलंगावरून उतरायला लागला तर तुम्हाला जागच येणार नाही.

नाशिकमध्ये कुठं

सगळ्यात आधी जिल्हा शासकीय रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्र्यंबक रोडवर गोल्फ क्लब मैदानाजवळ. तिथं मनोविकार विभागाची ओपीडी आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार निःशुल्क केले आहेत. सकाळी लवकर जा, आधार कार्ड न्या, केसपेपरच्या खिडकीवर स्वतःचं नाव सांगा आणि "मनोविकार ओपीडी" म्हणा. कोणासाठी, असं विचारलं तर "माझ्यासाठीच." रांग असते, गर्दी असते, पहिल्या दिवशी मनासारखं निवांत बोलणं होईलच असं नाही. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: समुपदेशनासाठी वेगळी वेळ कधी मिळेल? ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या.

गावाकडे असाल तर सिव्हिलपर्यंत यायलाच हवं असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे, आणि ही सेवा तालुक्यापर्यंत नेणं हाच त्याचा हेतू आहे. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचं पथक कोणत्या दिवशी येतं ते आशाताईंना विचारा, त्या शोधून सांगतात.

पंचवटी, आडगाव, ओझर बाजूच्यांना मविप्र (मराठा विद्या प्रसारक) संस्थेच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं आडगावचं रुग्णालय जवळ पडतं. सातपूर-अंबडच्या कामगारांकडे ईएसआयचं कार्ड असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात करा. किडनीचा, हृदयाचा, कॅन्सरचा पेशंट घेऊन शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात येणाऱ्यांनी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आवर्जून भेटावं. हे पद मोठ्या सरकारी रुग्णालयांत असतं आणि त्याचा उपयोग लोकांना ठाऊकच नसतो. आर्थिक मदतीच्या योजनांपासून घरच्यांच्या मनाच्या घालमेलीपर्यंत बोलायला ही हक्काची जागा आहे. पेशंट बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तर पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदनाशामक आणि आधारसेवेची चौकशी करा. या सेवेत घरच्यांशी बोलणं हा उपचाराचाच भाग धरतात.

खासगीत कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड या भागांत मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक बरेच आहेत. घरापासून वीस मिनिटांत पोहोचता येईल असे निवडा. लांबचे नावाजलेले चार भेटींनंतर सुटतात.

घरचा रुग्ण मानसिक आजाराचा असेल तर एक कायदेशीर गोष्ट लक्षात असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये सरकारने द्यायच्या सेवांत रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवाही मोजल्या आहेत. म्हणजे सरकारी ओपीडीत तुम्ही स्वतःसाठी मदत मागता ती कोणाची मेहेरबानी नसते. याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखं धरायला सांगितलं आहे. पण पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का, ते एजंटला विचारून ठेवा.

पहिल्या भेटीची तयारी

आदल्या रात्री एका कागदावर तुमचा कालचा दिवस लिहा. उठलात किती वाजता, झोपमोड किती वेळा, शेवटचं निवांत जेवण कधी, औषधांसाठी मेडिकलवर, बँकेत, लॅबमध्ये किती फेऱ्या. भावना लिहू नका, नुसता दिवस लिहा. समोरच्याला त्या कागदावरून पाच मिनिटांत जे कळतं ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळत नाही. काही तज्ज्ञ झरिट नावाची प्रश्नावली भरून घेतात. २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि त्यावरून काळजीच्या ओझ्याचा अंदाज. परीक्षा नाही ती, खरं ते लिहा.

पेशंटला सोबत नेऊ नका. नवऱ्याला किंवा सासूबाईंनाही पहिल्या भेटीत आत बसवू नका. "आम्हीपण ऐकतो ना" म्हणणारं कोणीतरी असतंच, त्यांना बाहेर चहा प्यायला पाठवा. तुम्ही बोलता ते गुप्त राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मात्र समुपदेशकाला गुप्तता मोडावी लागते, आणि चांगले समुपदेशक हे आधीच सांगतात.

रडू येईल. येऊ द्या. पहिली भेट बऱ्याच जणांची रडण्यातच जाते आणि घरी आल्यावर "पैसे देऊन नुसती रडून आले" असं वाटतं. दुसऱ्या भेटीला जाच. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, किंवा "सेवा म्हणजे पुण्य, सहन करा" एवढंच ऐकायला मिळालं, तर समुपदेशक बदला. त्यात गैर काही नाही.

समुपदेशनाने सासऱ्यांचा हात हलायला लागणार नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. कामाचा डोंगरही तेवढाच राहतो. बदलतं ते असं: यातलं कोणतं काम खरोखर तुमचं, कोणतं तुम्ही अपराधी वाटतं म्हणून ओढून घेतलंय, आणि कोणतं दुसऱ्याचं आहे, हे वेगवेगळं दिसायला लागतं. आई तोच प्रश्न विसाव्यांदा विचारते तेव्हा चिडचिड आजारावर असते आणि बाहेर पडते आईवर. त्या दोन क्षणांमध्ये थोडी जागा कशी करायची, याचा तिथं सराव करून घेतात. माणूस समोर जिवंत असताना त्याच्यासाठी वाटणारं दुःख, जे स्मृतिभ्रंशात फार असतं, त्याबद्दलही तिथं मोकळं बोलता येतं. नातेवाइकांपुढे ते बोललात तर "अगं, आहेत ना अजून" म्हणून तोंड बंद करतात.

घरातली बैठक

मला विचाराल तर समुपदेशनाचा खरा कस इथं लागतो. एक जण करतो आणि चार जण सल्ले देतात, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याचा दीर फोनवर विचारतो, "फिजिओथेरपी नियमित चालू आहे ना?" नणंद दिवाळीत दोन दिवस येते आणि म्हणते, "बाबा किती वाळलेत गं." दोघांचा जीव असतो बाबांवर, खोटं काही नसतं त्यात. पण ऐकणारी जळते.

म्हणून बैठक बोलवा, आणि बोलण्याआधी कागद पुढे ठेवा. समुपदेशकासाठी लिहिलेला तोच दिवसाचा कागद. त्याखाली महिन्याचा खर्च: औषधं, डायपर, मावशींचा पगार, रिक्षा. तक्रारीने सुरुवात केली की समोरचा बचावाला उभा राहतो. कागद वाचायला दिला की त्याला गप्प बसून वाचावं लागतं. मग एकेका माणसाकडे एकेक ठरावीक गोष्ट मागा. "थोडी मदत करा" म्हणू नका, त्यातून काहीच निघत नाही. "भाऊजी, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही येऊन रविवारी संध्याकाळपर्यंत थांबा." "ताई, विम्याचं आणि हॉस्पिटलच्या बिलांचं सगळं तुम्ही बघा, फोनवरून होतं ते." परदेशी असलेल्याला रात्रपाळीच्या मावशींचे पैसे द्यायला सांगा. घरात वडीलधारं असं कोणी असेल ज्यांचा शब्द सगळे मानतात, तर मामांना किंवा आत्यांना बैठकीत बसवा. बैठक भांडणावर जाणार अशी खात्रीच असेल तर ती समुपदेशकासमोर घ्या. कुटुंबासोबतचं सत्र मागून घेता येतं.

सुनांसाठी वेगळ्या दोन ओळी. नवऱ्याशी आधी एकट्याने बोला. त्याच्या आई-वडिलांचं करताना तुम्ही थकलात हे त्याला चारचौघांत पहिल्यांदा कळलं, तर तो तुमच्या बाजूने उभा राहायला कचरतो.

आठवड्यातले चार तास

पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मावशी किंवा मामा ठेवता येतात, बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे. पोलीस पडताळणीचे कागद मागा, पहिले तीन-चार दिवस घरात थांबून काम दाखवा. तेवढं परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा चार तासांसाठी ओळखीतलं कोणी. पेशंट सुरुवातीला नाही म्हणेल, "मला तूच हवीस" म्हणेल. तरी जा. त्या चार तासांत बँकेची कामं करू नका. कृषीनगरच्या ट्रॅकवर चाला, सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन पेपर-मासिकं वाचत बसा, मैत्रिणीकडे जाऊन झोपा. झोपणं सगळ्यात उत्तम.

आपल्यासारखी माणसं

आधारगटाचं बळ वेगळंच असतं, कारण तिथं समजावून सांगावं लागत नाही. घरात दारूचा प्रश्न असेल तर अल-अनॉन हा कुटुंबीयांचा गट आहे, तिथं फी नसते आणि आडनाव विचारत नाहीत. स्किझोफ्रेनियासाठी पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं शुभार्थी आणि शुभंकर यांच्यासोबतचं काम नावाजलेलं आहे. रुग्णाला शुभार्थी, काळजी घेणाऱ्याला शुभंकर असं तिथं म्हणतात. तुमच्या भागात तुमच्या आजाराचा गट नसेल तर फिजिओच्या किंवा डायलिसिसच्या रांगेत रोज दिसणाऱ्या तीन-चार जणांपासून सुरू करा. महिन्यातून एक ठरलेला दिवस, एक तास, आणि एकच नियम: औषधांचे सल्ले नकोत, उपाय नकोत, आधी ऐकायचं. व्हॉट्सॲप ग्रुप केलात तर तिथं सुप्रभातचे फोटो आणि काढ्यांचे फॉरवर्ड पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर महिनाभरात तो ग्रुप कोणी उघडत नाही.

थांबायचं नाही अशा वेळा

पेशंटवर हात उगारला गेला किंवा उगारावासा वाटला, तर खोलीबाहेर या, दार ओढून घ्या, १४४१६ लावा. पेशंटच हिंसक झाला तर ११२ हा आपत्कालीन नंबर. कोणी गोळ्या जास्त घेतल्या, स्वतःला इजा केली, तर १०८ ची रुग्णवाहिका. आत्महत्येचा प्रयत्न झाला की पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात आणि त्यात वेळ जातो. २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, शिक्षेची भीती धरून दवाखाना टाळू नका.

नाशिककरांसाठी अजून एक: २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतील. पंचवटी, जुनं नाशिक, नाशिकरोड इथल्यांनी पंधरा दिवसांची औषधं आधी भरून ठेवावीत, डायलिसिसच्या वेळा सेंटरशी बोलून घ्याव्यात, आणि समुपदेशकाची त्या आठवड्यातली भेट फोनवर ठरवावी.

सगळं संपल्यावर

पेशंट गेल्यावर लोक म्हणतात, "आता तू मोकळी झालीस, जरा जग." तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पहाटे चारला जाग येते आणि करायला काही नसतं. सुटल्यासारखं वाटणं आणि पोटात खड्डा पडणं, दोन्ही एकाच वेळी होतं. याच काळात बरेच जण समुपदेशन बंद करतात, कारण कारणच संपलं असं त्यांना वाटतं. निदान दोन-तीन भेटी तरी चालू ठेवा. नोकरी सोडली असेल तर परत कशी शोधायची, साठवलेले पैसे संपले असतील तर काय, भावंडांशी झालेली कटुता, हे सगळे प्रश्न आता वर येतात. सहा महिने उलटले तरी दुःखाची धार तशीच आहे, रोजचं जगणं सुरूच होत नाही, तर तो दीर्घ शोकाचा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची वेगळी नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा त्याच समुपदेशकांना फोन लावा. तुमच्या घरातलं त्यांना पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.